मशीनवर रिब विणताना: दोरा कोणता, डायल किती?

उलटसुलट

विषय जुना आहे, पण माहिती तुकड्यातुकड्यांत सापडते. एका जागी यावी म्हणून धागा काढतेय.

विणकामाचं मशीन ब्रदर कंपनीचं, दोन सुयांमधलं अंतर ४.५ मिमी, २०० सुयांचं, रिबर (समोरून लावायचा सुयांचा दुसरा बेड) जोडलेला. दोरा चार पदरी जाडीची लोकर, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर. स्वेटरच्या अंगाची साधी वीण डायल ७ वर छान येते (डायल म्हणजे टाक्याचा आकार ठरवणारी चकती, अंक मोठा तितका टाका मोठा). अडचण स्वेटरच्या खालच्या काठाची आणि मनगटाची आहे.

१. एक सुलट-एक उलट रिब (उभ्या रेघांची लवचीक वीण) ७/७ वर, म्हणजे मुख्य बेड ७ आणि रिबर ७, अगदी ढगळ येते. ५/५ वर जरा बरी, पण आडवी ताणून सोडली की पुरती मिटत नाही. किती खाली जायचं? काही नियम आहे का?

२. त्याच दोऱ्यात दोन्ही बेडच्या सगळ्या सुया कामात घेतल्या की कॅरेज (सुयांवरून सरकवत विणायचा भाग) मध्येच अडकते. दोरा बदलायचा की डायल वाढवायची?

३. सुती दोऱ्यात मनगटाची रिब आकार धरेल का, की तो नादच सोडायचा?

रिबरकर

पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर: अंगाच्या डायलमधून तीन पूर्ण अंक वजा करा. अंग ७ असेल तर रिब ४/४. इथून सुरुवात करायची आणि नमुना बघून एखादा बिंदू (अंकाचा तिसरा भाग) वर किंवा खाली.

यामागचं कारण कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही. साध्या विणीत दोरा एका सुईवरून शेजारच्या सुईवर जातो. एक-एक रिबमध्ये तो मुख्य बेडवरून रिबरवर, रिबरवरून परत मुख्य बेडवर अशा येरझाऱ्या घालतो. प्रत्येक वेळी दोन बेडमधली फट ओलांडायला जास्तीचा दोरा लागतो. विणून झाल्यावर फट राहत नाही, पण तो दोरा कुठे जाणार? तो शेजारच्या टाक्यांत शिरतो. त्यामुळे डायलवर अंक तोच असला तरी टाका मोठा होतो. डायल उतरवून आपण तेवढाच दोरा परत काढून घेत असतो.

दोन सुलट-दोन उलटमध्ये चार टाक्यांमागे दोनदाच फट ओलांडली जाते, एक-एकमध्ये चारदा. म्हणून तिथे दोन ते अडीच अंक उतरलं तरी पुरतं.

मधली_सुई

दुसऱ्या प्रश्नावर आधी एक तपासा. अर्ध्या अंतराचा लीव्हर कुठे होता? P वर दोन्ही बेडच्या सुया समोरासमोर येतात, H वर अर्ध्या अंतराने सरकतात. सगळ्या सुया कामात असताना लीव्हर P वर राहिला तर सुया एकमेकींवर आपटतात. मग दोरा कोणताही असो, कॅरेज अडकणारच, वर दोन-चार सुया वाकतील त्या वेगळ्या. एक-एक रिबला P, सगळ्या सुयांच्या रिबला H. कॅरेज हलवण्याआधी वरून बघून घ्यायचं: रिबरची प्रत्येक सुई मुख्य बेडच्या दोन सुयांच्या बरोब्बर मधे दिसली पाहिजे.

उलटसुलट

@मधली_सुई, लीव्हर H वरच होता. सुया आपटत नव्हत्या. साताठ इंच गेल्यावर कॅरेज जड होत होत थांबायची.

मधली_सुई

मग दोराच जाड आहे. १०० ग्रॅमला ४०० मीटरचा दोरा ४.५ मिमीवर सगळ्या सुयांना चालत नाही. डायल १० केली तरी टाके सुईच्या जिभेवरून (हुक उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पातीवरून) सुटायला जागाच नसते, आणि जोर लावला तर सुई नाहीतर कॅरेज दुखावते.

दोन_पदरी

रिबरकर, "तीन वजा" बद्दल माझा थोडा विरोध आहे. डायल ६ ते ८ च्या पट्ट्यात हा नियम चालतो, कारण तो त्या जाडीसाठीच बेतलेला आहे. बारीक दोऱ्यात अंग ४ वर असेल तर वजाबाकीने रिब १ वर जाते. तिथे कॅरेज ओढताना खांदा भरून येतो, दोरा तुटतो आणि रिब लवचीक होण्याऐवजी पुठ्ठ्यासारखी कडक होते. बारीक दोऱ्यात दीड ते दोन अंक पुरतात. उलट अंग ९ किंवा १० वर असेल तर तीन कमी पडतात, साडेतीनपर्यंत जावं लागतं.

अंकावर फार विसंबू नये याचं दुसरं कारण म्हणजे दोन मशीनचे डायल सारखे नसतात. एकाचं ४ ते दुसऱ्याचं ४ आणि एक बिंदू असू शकतं. म्हणून कुठल्याही नमुन्यातला डायलचा अंक उचलू नये, त्यात दिलेलं माप उचलावं.

रिबरकर

मान्य. "सुरुवात" म्हणालो ते म्हणूनच. पण नवीन माणसाला सुरुवातीला एक तरी अंक हातात द्यावा लागतो.

सावकाश

अंकाच्याही आधी एक काम आहे आणि ते बहुतेक जण टाळतात: दोन्ही बेडचे टाके सारखे आहेत का ते तपासणं. मुख्य कॅरेजचा डायल आणि रिबरचा डायल हे दोन वेगळे भाग आहेत. दोन्हीकडे ४ लावलं म्हणजे टाकाही सारखाच येईल असं नाही.

तपासायची पद्धत:
- दोन्ही बेडवर साधारण ४० सुया घेऊन गोल वीण लावा, म्हणजे जाताना एक बेड विणेल आणि येताना दुसरा.
- दोन्ही डायल ६ वर ठेवून ६० ओळी विणा, म्हणजे प्रत्येक बाजूला ३० पडतील.
- टाके काढा, नळी उभी ओढून सोडा, तासभर पडू द्या.
- नळी दोन्ही कडांना कापून दोन तुकडे वेगळे करा आणि एकावर एक ठेवून लांबी-रुंदी बघा.

रिबरचा तुकडा मोठा निघाला तर त्याचा डायल एक बिंदू उतरवून परत करा. ब्रदरच्या डायलवर दोन अंकांमध्ये दोन बिंदू असतात, म्हणजे एका अंकाच्या तीन पायऱ्या. फरक सहसा एक-दोन बिंदूंचा असतो. एकदा सापडला की कागदावर लिहून मशीनच्या झाकणात चिकटवा: "रिबर = मुख्य वजा १ बिंदू", जे काही असेल ते.

हे केलं नाही तर रिबमध्ये एक रेघ ठळक आणि एक दबलेली दिसते. लोक दोऱ्याला दोष देतात आणि दोरा बिचारा चांगला असतो.

निरगाठ

याला जोडून: फटीची उंची दोन्ही टोकांना सारखी आहे का तेही बघा. रिबर एका बाजूने खाली बसला असेल तर डावीकडे घट्ट आणि उजवीकडे सैल रिब येते. कितीही डायल फिरवा, ते जात नाही. पकडीचे स्क्रू सैल करून दोन्ही टोकं एका पातळीत आणा. आणि मशीन टेबलाला घट्ट बांधलेलं हवं, रिबर लावल्यावर पुढचं वजन वाढतं.

कोनवाली

दोऱ्याबद्दल मी लिहिते. "चार पदरी" हे नाव फसवं आहे, त्यावर खरेदी करू नका. १०० ग्रॅमला किती मीटर ते बघा. ४.५ मिमीच्या मशीनसाठी ढोबळ हिशेब असा:

साधी वीण आणि एक-एक रिब: ४०० ते ६०० मीटर.
सगळ्या सुयांची रिब: ७०० मीटर आणि त्याहून बारीक.
२५० मीटरवाली जाड लोकर: एक-एक रिबला चालते, कारण एक सुई सोडून सुई कामात असते आणि जागा मिळते. मऊ आणि गुळगुळीत असेल तर ६ ते ७ डायल.

कोनवर (शंकूवर गुंडाळलेल्या दोऱ्यावर) मात्र मीटर लिहिलेले नसतात, काउंट, म्हणजे दोऱ्याच्या बारीकपणाचा आकडा, असतो. २/३० म्हणजे ३० काउंटचे दोन पदर, म्हणजे एकूण १५. लोकर आणि ॲक्रिलिकच्या मेट्रिक काउंटमध्ये १५ म्हणजे एका किलोला १५ किलोमीटर, म्हणून १०० ग्रॅमला १५०० मीटर. काही कोनवर हेच ३०/२ असं उलट लिहितात, अर्थ तोच. २/२८ असेल तर १४०० मीटर.

२/३० चे तीन पदर एकत्र घेतले की ५०० मीटर, चार घेतले की ३७५. म्हणजे तुमच्या चार पदरी लोकरीच्या जवळ जायला २/३० चे चार किंवा तीन पदर. रिबसाठी मी तीन सुचवेन.

सुती दोऱ्यात इथे गोंधळ होतो. सुती काउंट इंग्रजी पद्धतीचा, एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी त्यावर ठरतो. त्याला १.६९ ने गुणलं की मेट्रिक काउंट येतो. म्हणजे सुती २/२० हा १०० ग्रॅमला १६९० मीटर आणि लोकरीचा २/२० हा १००० मीटर. आकडा तोच, जाडीत केवढा फरक! लोकरीच्या हिशेबाने सुती कोन घेतला की दोरा फारच बारीक निघतो, डायल उतरवत बसावं लागतं आणि तरी रिब जाळीदारच दिसते.

सावकाश

कोनवाली ताई, हा हिशेब खरंच उपयोगाचा. एक भर: पदर एकत्र करायचे तर आधी एका गोळ्यात गुंडाळू नका. गुंडाळताना एक पदर सैल राहतो आणि विणताना त्याची फुगीर लूप बाहेर येते. प्रत्येक कोन मास्टच्या (दोरा वरून आणणाऱ्या मशीनच्या दांड्याच्या) खाली सरळ उभा ठेवा, प्रत्येक पदर आपापला वर जाऊ द्या आणि ताण देणाऱ्या चकत्यांपाशी सगळे एकत्र आणा.

लडीवाली

पदर एकत्र घेतल्यावर रिबमध्ये एखादा पदर सुईच्या जिभेत न अडकता बाजूला राहतो, त्याला काय करायचं? साध्या विणीत असं होत नाही, रिबमध्येच होतं.

कोनवाली

कारणं दोन. एक, वजन कमी. दुसरं, दोरा कोरडा. कोन फिरवत त्याच्यावर मेणाचा तुकडा हलका घासा, पॅराफिनची साधी मेणबत्ती चालते. मेणाने दोरा फीडरमधून (कॅरेजवरच्या, सुयांना दोरा देणाऱ्या तोंडातून) एकसारखा सरकतो आणि पदर एकमेकांना चिकटून राहतात. धुतल्यावर मेणाचा त्रास होत नाही, फक्त थर जाड होऊ देऊ नका.

पीळ

पिळाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. रिबसाठी दोऱ्यात दोन गोष्टी हव्यात: ताणल्यावर परत येण्याची ओढ आणि गोल, भरीव पीळ. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, परत येण्याची ताकद तिथून येते. मेरिनो सगळ्यात लवचीक. अल्पाका मऊ, पण लोंबते, नुसत्या अल्पाकाची मनगटं सैलावतात. रेशीम, लिनन, बांबू, व्हिस्कोस यांत परत येण्याची ओढ जवळपास नाहीच.

सैल पिळाचा, केसाळ दोरा रिबरवर टाळावा. जिभेला केस अडकतात आणि टाका अर्धवट सुटतो. एकेरी, जास्त पिळाच्या दोऱ्याची साधी वीण तिरकी जाते. रिबमध्ये दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांना तोलतात, त्यामुळे तिरकेपणा दिसत नाही. तसा दोरा उरला असेल तर रिब हा त्याचा चांगला उपयोग.

रिबरकर

कोनवरच्या लोकरीला तेल असतं हेही लक्षात घ्या. तेलकट दोरा बारीक आणि सपाट विणला जातो, धुतल्यावर फुलतो. मशीनवर ४/४ ची रिब जरा विरळ वाटली म्हणून ३/३ वर गेलात तर धुतल्यावर ती लाकडासारखी होईल. नमुना धुतल्याशिवाय डायल ठरवू नका.

उलटसुलट

खूप उपयोगी चाललंय. नमुना नेमका कसा करायचा? किती सुया, किती ओळी? आणि "चांगली रिब" कशी ओळखायची?

दोन_पदरी

माझी पद्धत:

६० टाके, मुख्य बेडवर ३० आणि रिबरवर ३०. एकाच पट्टीत तीन डायल विणा: ४० ओळी ३ वर, ४० ओळी ४ वर, ४० ओळी ५ वर. मधे वेगळ्या रंगाच्या दोन ओळी टाका, म्हणजे कुठला भाग कुठला ते धुतल्यावरही कळेल. वजन तिन्ही भागांना तेच ठेवा.

काढल्यावर आधी उभी ओढा, म्हणजे टाके जागेवर बसतात. मग धुवा आणि न ताणता सपाट वाळवा. वाळल्यावर प्रत्येक भागाची रुंदी मोजा. आता आडवी जाईल तितकी ताणा, दहा आकडे मोजा, सोडा, पाच मिनिटांनी परत मोजा. दोन्ही मापं जवळपास सारखी आली तर तो डायल बरोबर. फरक राहिला तर सैल. ताणायलाच जोर लागत असेल तर घट्ट.

दुसरी कसोटी: न ताणता ठेवल्यावर उलट टाक्यांच्या रेघा आत दडून नुसत्या सुलट रेघा दिसल्या पाहिजेत. मधे उलट टाके डोकावत असतील तर अजून एक बिंदू खाली.

तेवढ्याच टाक्यांच्या साध्या विणीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीला रिब स्थिरावली की काठ अंगावर नीट बसतो.

कॅरेजवाला

डायल बरोबर, दोरा बरोबर, तरी खालची कड घंटेसारखी फाकते, ही तक्रार नेहमीची. तिचं मूळ रिबच्या डायलमध्ये नसतं, सुरुवातीच्या ओळींत असतं.

रिब ४/४ वर असेल तर:
पहिली नागमोडी ओळ (दोरा आळीपाळीने दोन्ही बेडच्या सुयांवर जातो ती) ० किंवा १ वर, दोन्ही बेड सारखे.
मग कंगवा (वजनं टांगायची दातेरी पट्टी) अडकवा, वजनं लावा. कंगव्याची तार प्रत्येक दोऱ्याच्या वरून गेली आहे का ते बघा.
मग गोल ओळी २ वर. दोन्ही बेडवर एकेक, फार तर एका बेडवर एक जास्तीची. त्याहून जास्त घेतल्या की कडेला पोकळ नळी तयार होते आणि तीच फुगते.
मग दोन्ही कॅरेज साध्या विणीवर आणा. पहिल्या दोन रिब ओळी ३ वर, मग ४.

नागमोडी ओळ ४ वर घेतली तर पुढे काहीही करा, कड सैल ती सैलच.

लडीवाली

गोल ओळी संपल्यावर एका बाजूचा लीव्हर परत फिरवायचा राहिला तर?

कॅरेजवाला

एका दिशेने जाताना एक बेड विणत नाही, त्याचे टाके लांबट होतात आणि दुसऱ्या बेडवर आडवे दोरे दिसतात. दोन ओळींत लक्षात आलं तर सावकाश उलगडून घेता येतं. पाच-सहा ओळी गेल्या असतील तर पहिल्यापासून घातलेलं बरं.

निरगाठ

वजनाबद्दल. रिबरकडचे टाके फक्त वजनामुळे खाली जातात. वजन कमी पडलं की जुना टाका जिभेवर तसाच राहतो आणि त्याच सुईवर दुसरा चढतो. जास्त झालं की कडेचे टाके ताणतात आणि विणताना रिब घट्ट वाटते, काढल्यावर मात्र आखडते आणि माप चुकतं. वजनं मधून कडेकडे सारख्या अंतरावर लावा. दोन्ही टोकांना छोट्या पकडीची वजनं वेगळी हवीत आणि दर २० ओळींनी ती वर सरकवायची. टाके गळतात ते बहुतेक कडेला, आणि कारण हेच.

वजनं वर-खाली करून दंडाला होणारा व्यायाम फुकट मिळतो :)

पीळ

पासॅप कंपनीचं दोन बेडचं मशीन असणाऱ्यांना ही कसरत नाही. तिथे स्ट्रिपर टाके खाली ढकलतात, वजन लागत नाही. दोन्ही बेड एकसारखे आणि सुयांचं अंतर ५ मिमी, म्हणून थोडा जाड दोराही सगळ्या सुयांवर चालतो. वरच्या जाडीच्या हिशेबात तेवढा फरक धरा.

उलटसुलट

@पीळ, लक्षात ठेवते. आता सुती दोऱ्याचं सांगा कोणीतरी. उन्हाळी टॉपला मनगट नको, पण खालचा काठ आणि गळा हवाच.

मधली_सुई

पीळ यांनी वर लिनन-बांबूबद्दल लिहिलं तेच सुताचं, परत येण्याची ओढ फारशी नाही. म्हणून तीन गोष्टी करायच्या.

पहिली, लोकरीपेक्षा एक अंक खाली. लोकर ४ वर असेल तर तेवढ्याच जाडीचं सूत ३ वर. त्याहून खाली नको. सूत ताण सोसत नाही, तुटतं, आणि मेण लावलं नसेल तर हमखास तुटतं.

दुसरी, काठाला टाके कमी घ्या. अंगाला १४० टाके असतील तर काठ १२६ वर विणा आणि अंग सुरू करताना दर नऊ टाक्यांनंतर एक वाढवा.

तिसरी, बारीक इलास्टिक दोरा सोबत विणा. गोल ओळींत आणि नंतर दर चौथ्या ओळीला. इथे एक पथ्य आहे: इलास्टिक मास्टच्या चकत्यांमधून घालू नका. ताणलेल्या अवस्थेत विणलं गेलं तर काठ चुणीदार होतो. ते कोनवरून मोकळं, जवळजवळ न ताणता, फीडरपर्यंत पोचलं पाहिजे.

रिबरकर

तिसऱ्या मुद्द्याला माझी हरकत आहे. इलास्टिक काही वर्षांत कुजतं, तुटतं आणि त्याची पांढरी टोकं बाहेर येतात. दोरा चांगला असला तर कपडा त्याच्याहून जास्त टिकतो. सुती कपड्याला रिबचा हट्टच का? सगळ्या सुयांची पट्टी किंवा दुमडलेली कड सुताला जास्त शोभते आणि लोंबत नाही.

मधली_सुई

दुमडलेल्या कडेला कमरेची ओढ नसते. टॉप कमरेशी बसावा अशी इच्छा असेल तर रिब लागतेच. इलास्टिक कुजतं हे खरं, पण ते फक्त गोल ओळींत आणि काठाच्या खालच्या तिसऱ्या भागात घातलं तर नंतर सुईने ओवून बदलता येतं. दुसरा मार्ग, अर्धं सूत-अर्धं ॲक्रिलिक मिश्रणाचा दोरा.

कोनवाली

ॲक्रिलिकचं नाव निघालंच आहे तर: रिबवर इस्त्री किंवा वाफ लावू नका. गरम वाफेने ॲक्रिलिक कायमचं सैल पडतं, परत कधीही मिटत नाही. अंगाला वाफ द्यायची असेल तर काठ टेबलाच्या बाहेर ठेवा किंवा त्यावर ओला, थंड, घडी केलेला रुमाल टाका. लोकरीच्या रिबलाही टाचण्या लावून ताणू नये. ओली करून हाताने मिटवून ठेवायची.

एकच_बेड

रिबर नाही त्यांनी काय करायचं? या चर्चेत आम्हाला जागा आहे का? :)

सावकाश

आहे की. दोन मार्ग.

पहिला, दुमडलेली नकली रिब. एक सुई सोडून एक सुई कामात घ्या, टाकाऊ दोऱ्याने (नंतर उसवून टाकायच्या वेगळ्या दोऱ्याने) सुरुवात करा. खरा दोरा अंगाच्या डायलपेक्षा दोन ते तीन अंक खाली लावा. हव्या त्या उंचीच्या ओळी विणा, मग घडीसाठी एक ओळ तीन-चार अंक सैल, मग परत तेवढ्याच ओळी. आता सोडलेल्या सुया कामात आणा, टाकाऊ दोऱ्यालगतच्या पहिल्या ओळीचे टाके त्या रिकाम्या सुयांवर उचला आणि अंग सुरू करा. दिसते छान, पण ओढ खऱ्या रिबच्या निम्मीच असते. दोन सुया आत (कामात), एक बाहेर (रिकामी) अशी केली तर जरा दाट होते.

दुसरा, खरी रिब. सगळ्या सुयांवर साधी वीण विणा, मग एक सोडून एक टाका खाली काठापर्यंत उसवा आणि जिभेच्या हुकाने समोरच्या बाजूने परत वर चढवत आणा. वेळ लागतो, पण दोन बेडच्या रिबच्या तोडीची होते. यातही डायल दोन अंक खाली हवा. काठाची पहिली ओळ सुटू नये म्हणून खाली एक आडवी तार किंवा दोरा ओवून ठेवा.

लडीवाली

दोन सुलट-दोन उलट रिबमध्ये दोन सुया आत, दोन बाहेर ठेवल्या तर मधे शिडीसारख्या फटी दिसतात. डायल ३ पर्यंत उतरवली तरी जात नाहीत.

रिबरकर

डायलने जाणारच नाहीत, कारण दोष मांडणीचा आहे. दोन रिकाम्या सुयांएवढं अंतर दोरा मोकळा जातो. दोन आत, एक बाहेर अशी मांडणी दोन्ही बेडवर करा, लीव्हर H वर ठेवा आणि एका बेडची रिकामी जागा दुसऱ्या बेडच्या जोडीसमोर येऊ द्या. फट लगेच मिटते. रेडिमेड स्वेटरची दोन-दोन रिब अशीच असते.

सुरुवात करताना मात्र बेड एक सुई सरकवून घ्या, म्हणजे नागमोडी ओळीत शेजारच्या दोन सुया एकाच बेडच्या न येता दोरा आळीपाळीने वर-खाली जाईल. गोल ओळी झाल्या की बेड परत जागेवर. न सरकवता घातलं तर कडेला दर दोन टाक्यांनी दोऱ्याचा आडवा तुकडा दिसतो.

उलटसुलट

सगळ्यांचे मनापासून आभार. नमुना केला. नळीच्या चाचणीत रिबर एक बिंदू सैल निघाला. ती दुरुस्ती करून तीन डायलची पट्टी विणली, धुतली, वाळवली. ५ चा भाग ताणल्यावर पुरता परतला नाही, ३ चा ताणायला कडक, ४ चा परतला. म्हणजे मुख्य ४, रिबर ३ आणि दोन बिंदू.

सगळ्या सुयांच्या रिबसाठी २/३० ॲक्रिलिक आणलंय. किती पदर, किती डायल?

कोनवाली

दोन पदर (७५० मीटर), ४ ते ५ पासून सुरू करा. एकच पदर असेल तर २ ते ३. पण ही रिब मनगटाला वापरू नका. टाके इतके शेजारी असतात की मिटायला जागा उरत नाही, एक-एकपेक्षा ओढ खूपच कमी. बटणपट्टी, कॉलर, जाकिटाची कड यांना उत्तम, कारण सपाट राहते आणि गुंडाळत नाही.

कॅरेजवाला

आणि रिब संपवताना शेवटची ओळ ४ वर न ठेवता ७ वर घ्या. रिबरचे टाके मुख्य बेडवर उचलताना दोन्ही टोकांना भोक असलेली ट्रान्सफर सुई वापरतो, तेव्हा घट्ट टाके उसवतात नाहीतर दोरा चिरतो. एका ओळीचा सैलपणा नंतर दिसत नाही.

निरगाठ

शिवणीचं कोणी सांगितलं नाही. एक-एक रिबमध्ये एका टोकाला मुख्य बेडची आणि दुसऱ्या टोकाला रिबरची सुई ठेवलीत तर दोन्ही तुकड्यांचा एकेक पूर्ण टाका शिवणीत घ्या, सुलट-उलट क्रम तुटत नाही. दोन्ही टोकांना मुख्य बेडची सुई असेल तर अर्धा-अर्धा टाका घ्या, दोन अर्धे मिळून एक सुलट टाका दिसतो. पाठ आणि पोट विणायच्या आधीच यातलं एक ठरवा, कारण टाक्यांची संख्या त्यावर सम की विषम ते ठरतं.

उलटसुलट

सम ठेवते, अंगाचे टाके १४० आहेत. ४ वर ३० ओळी विणून उंची किती येते ते बघते, मग गळ्याच्या पट्टीचं विचारायला परत येईन.

दोन_पदरी

गळ्याच्या पट्टीला काठापेक्षा एक बिंदू सैल घ्या, डोकं आत गेलं पाहिजे. आणि शेवट टाके बंद करून करू नका. टाकाऊ दोऱ्याच्या सात-आठ ओळी विणून मशीनवरून काढा, पट्टी गळ्याला लावताना प्रत्येक उघड्या टाक्यातून सुईने बखिया घाला आणि मग टाकाऊ दोरा उसवा.